टॉम वुल्फचं ‘अ‍ॅसिड टेस्ट’ वाचनगटात कसं चर्चेला घ्यावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बे एरियातल्या नऊ-दहा जणांच्या मराठी वाचनगटाने टॉम वुल्फचं ‘द इलेक्ट्रिक कूल-एड अ‍ॅसिड टेस्ट’ निवडलं. कादंबरीकार केन केसी आणि त्याची मंडळी एलएसडी हे भास घडवणारं औषध घेत बसमधून सफरीला निघाली, मग त्यांनी एलएसडीचे ‘अ‍ॅसिड टेस्ट’ कार्यक्रम भरवले, त्याची ही पत्रकार वुल्फने लिहिलेली खरी गोष्ट. निम्मे जण पन्नास-साठ पानांतच अडकले. दोघांचं म्हणणं, नशेचे गोडवे गाणाऱ्या पुस्तकावर वेळ का घालवायचा? एकाचं म्हणणं, हे सगळं आपल्या घराजवळ घडलंय, म्हणून तर वाचायचं. पहिली बैठक ‘एलएसडी चांगलं की वाईट’ या वादातच संपली. आता पुस्तक सोडून द्यावं की पुढे न्यावं, आणि न्यायचं तर कसं?

पुढे न्या. पुस्तक अवघड आहे, पण अडचण वाटते तिथे नाही. एलएसडीवर मत द्यायला पुस्तक वाचावं लागत नाही, त्यामुळे तो वाद सुरू झाला की वाचून आलेला आणि न वाचता आलेला एकाच पातळीवर येतात आणि पुस्तक टेबलावर तसंच पडून राहतं. या पुस्तकाचा खरा पेच साक्षीचा आहे. १९६४च्या उन्हाळ्यात केसीची बस निघाली तेव्हा वुल्फ त्या बसमध्ये नव्हता. केन केसीला तो पहिल्यांदा भेटला १९६६मध्ये, तुरुंगात. ज्या प्रसंगावरून पुस्तकाला नाव मिळालं त्या लॉस एंजेलिसमधल्या वॉट्सच्या कार्यक्रमाला वुल्फ हजर नव्हता, आणि केसीसुद्धा नव्हता. तो तोवर मेक्सिकोला पळून गेला होता. तरीही वुल्फ बसमधल्या माणसांच्या डोक्यात शिरून लिहितो. ‘हे याला कसं कळलं?’ हा एक प्रश्न चारही बैठकांत हातात धरून ठेवलात तर चर्चा भरकटत नाही, आणि नशेबद्दल बोलायचं ते त्या प्रश्नाच्या पोटात आपोआप येतं.

आधी काळाचा गुंता सोडवा, कारण पन्नास पानांत अडकण्याचं कारण बहुतेक वेळा तेच असतं. पहिली तीन प्रकरणं १९६६च्या ऑक्टोबरमधली आहेत. वुल्फ सॅन फ्रान्सिस्कोत उघड्या ट्रकमधून हिंडतोय, केसीला रेडवुड सिटीच्या तुरुंगात भेटतोय, हॅरिएट स्ट्रीटवरच्या गोदामात केसीची माणसं त्याच्या सुटकेची वाट बघतायत. केसी कोण, अटक कशासाठी, बस कसली, यातलं काहीच वाचकाला माहीत नसताना माणसांची झुंडच्या झुंड टोपणनावांनी अंगावर येते. चौथ्या प्रकरणात गोष्ट मागे जाते, स्टॅनफर्डजवळच्या पेरी लेनवर, १९५८नंतरच्या दिवसांत. तिथून ती बरीचशी सरळ चालते आणि सव्विसाव्या प्रकरणात केसीला फ्रीवेवर पकडतात तिथे पहिल्या तीन प्रकरणांना येऊन मिळते.

म्हणून जे अडकलेत त्यांना सांगा: चौथ्या प्रकरणापासून सुरुवात करा, सव्विसाव्यापर्यंत जा, मग पहिली तीन वाचा आणि मग सत्ताविसावं व उपसंहार. ज्यांनी सुरुवातीपासून वाचलंय त्यांनी तसंच पुढे जावं. शेवटच्या बैठकीत हे दोन गट एकमेकांना फार उपयोगी पडतात. क्रमाने वाचणाऱ्याला केसी आधी दंतकथा म्हणून भेटतो आणि मग माणूस म्हणून. चौथ्यापासून वाचणाऱ्याला तो आधी ओरेगनचा कुस्तीगीर, लेखनाच्या वर्गातला विद्यार्थी म्हणून भेटतो आणि गुरू नंतर होतो. वुल्फने पहिला क्रम का निवडला असेल यावर अर्धा तास सहज निघतो.

प्रत्येकाच्या हातात एक पान द्या. त्याच्या एका बाजूला तारखा. १९३८मध्ये बासलच्या सँडोझ कंपनीत अल्बर्ट हॉफमनने एलएसडी तयार केलं, १९४३च्या एप्रिलमध्ये त्याचा परिणाम त्याला स्वतःवर कळला. १९६०च्या आगेमागे मेन्लो पार्कच्या व्हेटरन्स हॉस्पिटलमध्ये पैसे घेऊन केसी औषधांच्या प्रयोगात सामील झाला. वुल्फने दिवसाचे ७५ डॉलर म्हटलेत. १९६२मध्ये मनोरुग्णालयावरची कादंबरी आली आणि केसीचं नाव झालं. १९६४च्या जूनमध्ये १९३९ सालची इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीची, रंगाने माखलेली जुनी शाळेची बस केसीच्या घराहून, ला होंडाहून, न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनाकडे निघाली. एप्रिल १९६५ला गांजाच्या प्रकरणात पहिली अटक. ऑगस्ट १९६५ला ला होंडात हेल्स एंजल्स या मोटरसायकल टोळीबरोबरची पार्टी. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरपासून ‘अ‍ॅसिड टेस्ट’ कार्यक्रम. २१ ते २३ जानेवारी १९६६, सॅन फ्रान्सिस्कोच्या लाँगशोरमेन्स हॉलमध्ये ट्रिप्स फेस्टिव्हल. १२ फेब्रुवारी १९६६, वॉट्स. ६ ऑक्टोबर १९६६पासून कॅलिफोर्नियात एलएसडी बेकायदा. ३१ ऑक्टोबर १९६६, ‘ग्रॅज्युएशन’ हा समारोपाचा कार्यक्रम. ऑगस्ट १९६८, पुस्तक प्रकाशित.

कायद्याची तारीख ठळक करा. बसची सफर आणि बहुतेक सगळे कार्यक्रम एलएसडी कायदेशीर असताना झाले. मेक्सिकोला पळण्याआधी केसीला अटक झाली ती दोन्ही वेळा गांजासाठी. हे आधी माहीत नसेल तर पोलिसांच्या प्रत्येक प्रसंगाचा अर्थ चुकतो.

दुसऱ्या बाजूला टोपणनावं. माउंटन गर्ल म्हणजे कॅरोलिन अ‍ॅडम्स. इंट्रेपिड ट्रॅव्हलर म्हणजे केन बॅब्स, केसीचा उजवा हात. बसचा चालक नील कॅसडी म्हणजे स्पीड लिमिट. पन्नाशीच्या दशकातल्या बीट लेखकांच्या वर्तुळातून आलेला. सँडी हा ध्वनियंत्रणा सांभाळणारा, आणि सफरीचा बराच भाग वुल्फने त्याच्या नजरेतून सांगितलाय. ही चार नावं पक्की झाली की बाकीची वाचताना सापडतात. शब्दांचंही तसंच: ‘अ‍ॅसिड’ म्हणजे एलएसडी, ‘बस्ट’ म्हणजे धाड आणि अटक, ‘हेड्स’ म्हणजे या वर्तुळातले नशा करणारे. एवढं पुरतं. लांबलचक शब्दकोश वाटलात तर तो कुणी उघडत नाही.

प्रकरणं २७ आणि उपसंहार. पानं आवृत्तीप्रमाणे चारशेच्या आसपास. आवृत्त्या वेगवेगळ्या असणार, म्हणून पानाचा नंबर कधीच देऊ नका, प्रकरणाचं नाव द्या. चार बैठका करा, दोन बैठकांत तीन आठवड्यांचं अंतर. ही भाषा तासाला वीस-पंचवीस पानांपेक्षा वेगाने वाचून होत नाही, त्यामुळे एका बैठकीमागे साधारण पाच तासांचं वाचन धरा आणि लोकांना तसं आधीच सांगा. पहिल्या बैठकीला प्रकरणं ४ ते ८, दुसरीला ९ ते १५, तिसरीला फक्त १६ ते २०. तिसरीचा वाटा मुद्दाम लहान ठेवलाय, कारण सगळ्यात कठीण चर्चा तिथे आहे. चौथीला उरलेलं सगळं. ते जास्त वाटेल, पण २२ ते २४ ही मेक्सिकोची प्रकरणं भराभर चाळली तरी चालतात. पुस्तकातला तो सगळ्यात सैल भाग आहे. २१वं, ‘द फ्यूजिटिव्ह’, मात्र कुणीही गाळू नये. पोर्तो व्हायार्ताच्या खोलीत बसलेल्या केसीला पोलीस आत्ता येतील, आत्ता येतील असं वाटत राहतं, आणि वुल्फ ती भीती क्षणाक्षणाने लिहितो. या पद्धतीचं लेखन त्याच्याकडून याहून चांगलं क्वचितच झालंय.

बैठक दोन तासांची असेल तर पहिली पंधरा मिनिटं मोठ्याने वाचनाला द्या. टिंबांच्या आणि अपूर्णविरामांच्या रांगा, मोठ्या अक्षरांतले शब्द, मध्येच उमटणाऱ्या कवितेच्या ओळी, आवाजांची नक्कल: हे डोळ्यांना गोंगाट वाटतं, कानांना लय वाटते. उतारा एक ते दीड पानाचा असावा; त्याला चार-पाच मिनिटं लागतात. ब्लू रिजच्या डोंगरातून कॅसडी ब्रेक न लावता बस उतरवतो तो उतारा पहिल्या बैठकीसाठी उत्तम. दोघांनी आळीपाळीने वाचावा, आणि ऐकणाऱ्यांनी पुस्तक मिटून ठेवावं. वाचन इंग्रजीत आणि चर्चा मराठीत ठेवा. जागच्या जागी भाषांतर करायला कुणालाही लावू नका. तिथे वीस मिनिटं जातात आणि हाती काही लागत नाही. घरी अडखळणाऱ्यांसाठी इंग्रजी ऑडिओबुक आहे. सहावं प्रकरण ऐकून मग वाचलं तर बराच फरक पडतो.

वाचनानंतर एक काम द्या, आणि ते पहिल्याच बैठकीत द्या. वुल्फने १९७३मध्ये ‘न्यू जर्नालिझम’बद्दल, म्हणजे कादंबरीच्या तंत्राने केलेल्या पत्रकारितेबद्दल, लिहिताना चार साधनं सांगितली होती: गोष्ट दृश्यामागून दृश्य रचून सांगणं, संवाद पूर्ण देणं, प्रसंग एखाद्या पात्राच्या नजरेतून दाखवणं, आणि कपडे, सवयी, घरातल्या वस्तू यांतून माणसाची सामाजिक जागा टिपणं. चार जणांना एकेक साधन वाटून द्या. प्रत्येकाने त्या बैठकीच्या वाट्यातून आपल्या साधनाचं एक उदाहरण आणावं आणि दोन प्रश्नांची उत्तरं द्यावीत: ही माहिती वुल्फला कुठून मिळाली असेल? आणि ती देणाऱ्याला काय सांगायचं होतं? स्वतः वुल्फने शेवटच्या टिपणात मार्ग सांगितलेत: स्वतः पाहिलेलं, तिथे हजर असलेल्यांनी सांगितलेलं, ध्वनिफिती, चित्रीकरण, पत्रं. मेक्सिकोहून केसीने कादंबरीकार लॅरी मॅकमर्ट्रीला लिहिलेली पत्रं हाती पडल्यामुळेच तो या विषयाकडे वळला. संवाद पूर्ण देता येण्याचं कारणही यातच आहे, कारण ही मंडळी स्वतःचं सगळं ध्वनिमुद्रित आणि चित्रित करत होती. चौथ्या साधनाचा माणूस सहसा सगळ्यात जास्त घेऊन येतो. वुल्फ बुटांवरून माणूस ओळखतो. पहिल्या प्रकरणाचं नावच एफबीआयच्या काळ्या चकचकीत बुटांवरून आहे.

दुसऱ्या बैठकीनंतर ‘मॅजिक ट्रिप’ हा २०११चा माहितीपट बघायला सांगा. बसमध्ये घेतलेलं मूळ चित्रीकरण त्यात आहे. आधी मात्र बघू नका. आधी पाहिला की वुल्फची वाक्यं वाचताना माहितीपटातले चेहरे दिसू लागतात आणि वुल्फने स्वतःहून काय भरलं ते कळेनासं होतं. नंतर पाहिला तर उलट होतं: पुस्तकात जो प्रसंग विजेसारखा चमकतो तो पडद्यावर कंटाळवाणा, अस्ताव्यस्त, उन्हात तापलेला दिसतो. कॅमेरा आणि टेपरेकॉर्डर एकमेकांशी जुळवून चालवलेलेच नव्हते, त्यामुळे चित्र एकीकडे आणि आवाज दुसरीकडे, ही अडचण त्या मंडळींना वर्षानुवर्षं सुटली नाही. वुल्फने तो जुळवण्याचा उद्योग वाक्यांत केला. कुठे जुळवला आणि कुठे घडवला, यावर बोला.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग: संमती. ज्या दोघांनी पुस्तकाला हरकत घेतलीय त्यांना इथे ऐका, कारण त्यांच्या हरकतीची खरी जागा हीच आहे. पुस्तकात तीन ठिकाणं आहेत. पहिलं, सफरीत सोबत आलेली एक तरुणी, जिचं बसमधलं नावच ‘स्टार्क नेकेड’. ह्यूस्टनला मॅकमर्ट्रीच्या घरासमोर ती बसमधून उतरून त्याच्या लहान मुलाला आपलंच मूल समजून कवटाळते आणि शेवटी तिची रवानगी मनोरुग्णालयात होते. बस पुढे निघून जाते. दुसरं, ऑगस्ट १९६५ची ला होंडाची पार्टी. तिथे एका स्त्रीबरोबर टोळीतल्या पुरुषांचा जो प्रसंग घडतो तो वुल्फ तिच्या मर्जीने घडल्यासारखा सांगतो. वुल्फ तिथे नव्हता. त्याने हंटर थॉम्प्सन या पत्रकाराच्या ध्वनिफितींचा आधार घेतला. थॉम्प्सन तिथे होता, आणि त्याने १९६७च्या आपल्या पुस्तकात त्या रात्रीबद्दल लिहिलंय. ती पानं मिळवून दोन्ही वर्णनं शेजारी ठेवा. हा प्रसंग मोठ्याने वाचायचा नाही. बैठकीत तो येणार आहे हे आठवडाभर आधी सांगा, आणि ज्यांना त्या अर्ध्या तासात बाहेर बसायचं असेल त्यांना कारण विचारू नका.

तिसरं ठिकाण वॉट्स. कूल-एड हे पुडीतलं गोड सरबत, लहान मुलांचं. ते मोठाल्या पिंपांत कालवलं होतं, एकात एलएसडी मिसळलेलं होतं, आणि कोणतं कोणतं याची सूचना इतकी आडवळणाने दिली गेली की काही जणांना ती कळलीच नाही. एका स्त्रीने नकळत प्यायल्यावर काय झालं ते वुल्फने तिच्याच शब्दांत बरंच लांब दिलंय. हे लक्षात आणून द्या, कारण एरवी दुसऱ्याच्या डोक्यात बेधडक शिरणारा वुल्फ इथे बाजूला सरतो आणि तिला बोलू देतो. का? आपल्या नायकांवर आरोप न करता आरोप नोंदवण्याची ती एक वाट असू शकते. मला तसंच वाटतं, पण गटात विरुद्ध मत ठामपणे मांडणारा कुणीतरी असणं चांगलं. त्याच रात्री भयाने ओरडत सुटलेल्या एका मुलीच्या हाकेवर माइक धरून तिचा आवाज सभागृहभर पसरवला गेला, तो प्रसंगही याच प्रकरणात आहे. वाचकाचं मन केसीच्या मंडळींपासून तुटतं ते बहुधा इथेच, आणि ज्याने हे प्रकरण वाचलंय त्याला ‘पुस्तक नशेचे गोडवे गातं’ असं सरसकट म्हणता येत नाही.

यालाच जोडून सरकारी बाजू घ्या. सीआयएने १९५३पासून ‘एमके-अल्ट्रा’ नावाखाली माणसांना न सांगता एलएसडी देण्याचे प्रयोग केले. त्याच वर्षी फ्रँक ओल्सन या सरकारी शास्त्रज्ञाला त्याच्या नकळत ते दिलं गेलं आणि काही दिवसांनी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलच्या खिडकीतून पडून तो मेला. हे लोकांसमोर आलं १९७५मध्ये, म्हणजे पुस्तकानंतर सात वर्षांनी. केसीला पहिला डोस सरकारी इस्पितळातच मिळाला होता. १९६८च्या वाचकाला चौथं प्रकरण सरकारची फजिती म्हणून वाचता आलं. आज ते तसं वाचता येत नाही. तिसऱ्या बैठकीत चौथ्या प्रकरणातला इस्पितळाचा उतारा पुन्हा काढा आणि वॉट्सच्या शेजारी ठेवा. नकळत डोस देणं हे एका बाजूला संस्थेने केलं आणि दुसऱ्या बाजूला त्या संस्थेविरुद्ध उभ्या राहिलेल्यांनी केलं. चर्चेला इथे धार येते, घाई करू नका, चाळीस मिनिटं द्या.

इथे आकड्यांचा प्रश्न निघतोच, म्हणून सूत्रधाराने तयारीत असावं. एलएसडीची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागात. शंभरच्या आसपास मायक्रोग्रॅमने पूर्ण परिणाम होतो आणि तो आठ ते बारा तास टिकतो. पिंपात कालवल्यावर कुणाच्या पेल्यात किती गेलं हे कुणालाच सांगता येणं शक्य नव्हतं. मनोविकाराकडे कल असलेल्या माणसाला त्याने तीव्र झटका येऊ शकतो. एवढं सांगून थांबा. पुस्तकातल्या सँडीला नेमका कोणता आजार होता याचं निदान करायला गटातल्या डॉक्टरला बसवू नका. छापील पानांवरून निदान होत नसतं.

एक गोंधळ दर वेळी होतो. अमेरिकेत ‘कूल-एड पिणं’ हा वाक्प्रचार आंधळ्या निष्ठेसाठी वापरतात, तो या पुस्तकातून आला असं लोक समजतात. तो आला गयानातल्या जोन्सटाउनमधून, जिथे १८ नोव्हेंबर १९७८ला नऊशेहून जास्त माणसं विष पाजल्याने मेली, आणि तिथलं सरबतही बहुतांशी फ्लेवर-एड नावाचं दुसरंच होतं. हे बैठकीच्या सुरुवातीलाच सांगून टाका, नाहीतर कुणीतरी केसी आणि जोन्सटाउनचा जिम जोन्स यांना एकाच ओळीत बसवतो. तसंच हिप्पींचं. १९६७चा ‘समर ऑफ लव्ह’ या पुस्तकातल्या मुख्य घटनांनंतरचा आहे, आणि अंजुण्याच्या किनाऱ्यावरची वस्ती त्याच्याही नंतर फुगली. गोव्याच्या आठवणी निघतील, त्या चहाच्या वेळेपर्यंत थोपवा.

अकरावं प्रकरण, ‘द अनस्पोकन थिंग’, मराठी वाचकाला सगळ्यात ओळखीचं वाटेल, आणि म्हणूनच तिथे सावध राहावं. वुल्फ धर्माचे अभ्यासक योआखिम वाख यांचा आधार घेऊन म्हणतो की नवे पंथ आधी एका विलक्षण अनुभवातून उभे राहतात, तत्त्वज्ञान मागाहून येतं. केसी नेता असूनही नेतेपण नाकारतो, स्वतःला ‘वाट न दाखवणारा’ म्हणवतो, आणि सगळे त्याच्याच तोंडाकडे बघत राहतात. गुरू, शिष्य, संप्रदाय ही आपली शब्दसंपत्ती तयारच असल्यामुळे पाच मिनिटांत वारकरी, नाथपंथ, कुणाचे तरी महाराज असं सगळं टेबलावर येतं आणि केसी दिसेनासा होतो. तुलना करू द्या, पण एक अट घाला: तुलना करणाऱ्याने प्रकरणातलं एक वाक्य आधी वाचून दाखवायचं. एवढ्या अटीने निम्म्या तुलना गळून पडतात आणि उरतात त्या खरंच कामाच्या असतात. यात विचारायचा खरा प्रश्न बायकांचा आहे. केसीची पत्नी फे या पुस्तकात जवळजवळ बोलतच नाही, पण मुलं, स्वयंपाक, घर तिच्याकडे आहे. पंथाचा संसार कोण चालवतं हे वुल्फ दाखवतो, पण त्यावर थांबत नाही. गटाने थांबावं.

वंशाचा मुद्दाही असाच हातातून निसटतो. न्यू ऑर्लिन्सला ही मंडळी नशेत पाँचरट्रेन सरोवराच्या काठी जातात तेव्हा तो काळ्या लोकांसाठी वेगळा काढलेला किनारा निघतो, आणि त्यांचं काय चाललंय ते भोवती जमलेल्या माणसांना कळत नाही. तोच १९६४चा उन्हाळा आहे, शेजारच्या मिसिसिपीत काळ्यांच्या मतदारनोंदणीसाठी काम करणाऱ्या तीन तरुणांचा खून झाला तो. बस त्या प्रदेशातून गेली आणि त्याची खूणही पुस्तकात नाही. हे केसीच्या मंडळींचं दुर्लक्ष की वुल्फचं, हा प्रश्न पहिल्या बैठकीत टाका आणि उत्तर चौथीपर्यंत लांबू द्या. बर्कलेच्या युद्धविरोधी सभेत केसी हार्मोनिका वाजवून सगळ्यांचा विरस करतो तो प्रसंग दुसऱ्या किंवा तिसऱ्या बैठकीत आला की या प्रश्नाला आणखी एक बाजू मिळते.

भारताशी असलेले खरे दुवे दोन, आणि दोन्ही पुस्तकातल्या माणसांतूनच निघतात. न्यूयॉर्क राज्यातल्या मिलब्रुकला बस पोहोचते तेव्हा एलएसडीचा पुरस्कार करणाऱ्या टिमथी लिअरीच्या गटाकडून थंड स्वागत होतं. लिअरी आणि रिचर्ड अल्पर्ट दोघांनाही १९६३मध्ये हार्वर्डमधून काढलेलं. तिथे ध्यान, तिबेटी ग्रंथ, शांतता. इथे ध्वनिक्षेपक आणि धुराचे गोळे. हाच अल्पर्ट १९६७मध्ये भारतात आला, नीम करोली बाबांचा शिष्य झाला आणि रामदास या नावाने परतला. दुसरा दुवा अ‍ॅलन गिन्सबर्ग या कवीचा. हेल्स एंजल्सच्या पार्टीत तो आहे, आणि त्याआधी १९६२-६३मध्ये तो भारतात होता, मुंबईतही राहिला, अशोक शहाणे आणि अरुण कोलटकरांना भेटला. ज्यांना मराठी समांतर हवंय त्यांनी इथून पुढे जावं: १९६३ हे ‘कोसला’चं साल, मुंबईत लघुनियतकालिकं चक्रमुद्रित होत होती, आणि इथलं बंड मुख्यतः भाषेशी आणि छापखान्याशी चाललं होतं. हा विषय मोठा आहे, त्याला पाचवी बैठक ठेवा. या चारांत कोंबू नका.

तुमच्या भागाचा दुवा तर दारातच आहे. पहिल्या प्रकरणातल्या त्या ट्रकमध्ये वुल्फसोबत स्टुअर्ट ब्रँड आहे, उघड्या अंगावर मण्यांची टाय घातलेला. ट्रिप्स फेस्टिव्हलच्या आयोजकांत तो होता, आणि १९६८मध्ये त्याने ‘होल अर्थ कॅटलॉग’ काढला, ज्याची आठवण स्टीव्ह जॉब्सने २००५मध्ये स्टॅनफर्डच्या भाषणात काढली. संगणकाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या सदस्याला हा धागा शोधायला द्या. गप्प बसणारी माणसंही अशा कामाने बोलती होतात.

बैठक फसण्याचं एक कारण पुस्तकाबाहेरचं आहे, आणि ते हलक्यात घेऊ नका. कुणीतरी स्वतःचे अनुभव सांगायला लागतो. पहिल्याच दिवशी ठरवून टाका: स्वतःच्या किंवा ओळखीच्या कुणाच्याही नशेबद्दल इथे बोलायचं नाही, बैठकीचं ध्वनिमुद्रण नाही, झूमवर असाल तर रेकॉर्डिंग बंद, आणि व्हॉट्सअ‍ॅप गटावर फक्त प्रकरणांची नावं आणि वेळ. अमेरिकेत व्हिसावर असलेल्या किंवा नागरिकत्वासाठी अर्ज केलेल्या माणसाने अमली पदार्थ घेतल्याची दिलेली कबुली त्याच्या अर्जाला अडचण करू शकते, जरी शिक्षा कधी झाली नसली तरी. भारतात १९८५चा एनडीपीएस कायदा सेवनालाही गुन्हा मानतो. हा नियम कुणावर संशय म्हणून नाही, हे ज्येष्ठांसमोर तरुणांना आणि तरुणांसमोर ज्येष्ठांना स्पष्ट सांगा.

सूत्रधार प्रत्येक बैठकीला बदला. त्याने तीनच प्रश्न लिहून आणावेत आणि त्यातला एक तरी असा असावा ज्याचं उत्तर त्याला स्वतःला येत नाही. ‘आवडलं का?’ आणि ‘केसी बरोबर होता का?’ हे दोन प्रश्न बाद. ‘कोणत्या वाक्याला तुमचा वुल्फवरचा विश्वास उडाला?’ हा चांगला प्रश्न आहे. त्याला उत्तर द्यायचं तर पुस्तक उघडावंच लागतं. साठच्या दशकातल्या संगीताचा जाणकार गटात असेल तर त्याला या कार्यक्रमांत वाजवणाऱ्या ग्रेटफुल डेड या बँडवर दहा मिनिटं तिसऱ्या बैठकीत वेगळी द्या, आधीच सांगून. नाहीतर तो ती दहा मिनिटं प्रत्येक बैठकीत घेतो. न वाचता आलेल्याला परत पाठवू नका. त्याला उताऱ्याचं वाचन द्या आणि पहिला प्रतिसादही त्याचाच घ्या.

चौथ्या बैठकीत सत्ताविसाव्या प्रकरणाचा शेवट पूर्ण वाचा. केसी आणि बॅब्स एकमेकांच्या ओळींत ओळ घालत ‘आपण सगळं घालवलं’ या अर्थाचं पालुपद आळवतात. ते हरल्याची कबुली म्हणून वाचणारे असतात, नेहमीसारखा आणखी एक खेळ म्हणून वाचणारेही असतात, आणि मजकुरात दोघांनाही आधार आहे. वाचन संपल्यावर दोन मिनिटं प्रत्येकाने आपलं मत कागदावर लिहावं, मगच बोलायला सुरुवात करावी. नाहीतर जो पहिला बोलतो त्याच्या मागे सगळे जातात. मग उपसंहार, जेमतेम पाच मिनिटांत: केसी सहा महिन्यांची शिक्षा भोगून १९६७च्या नोव्हेंबरमध्ये सुटला, आणि फेब्रुवारी १९६८मध्ये मेक्सिकोतल्या सान मिगेल दे अयेंदेजवळ रेल्वेच्या रुळांकडेला कॅसडी सापडला, त्यातच तो गेला. पुस्तक बाजारात आलं ते त्यानंतर सहा महिन्यांनी. बसमधला जो माणूस सगळ्यात जास्त बोलत होता त्याला वुल्फने काय लिहिलंय ते वाचता आलं नाही. ‘हे याला कसं कळलं?’ या प्रश्नावर शेवटची फेरी घेताना ही तारीख समोर ठेवा.